नर पायथन जेवत नसेल तर

तुझा बॉल पायथन, म्हणजे पाळलेला छोटा आफ्रिकी अजगर, वयात आलेला नर आहे ना? मग थंडीत त्यानं उंदराकडे पाठ फिरवली तर हवालदिल होऊ नकोस. विणीच्या हंगामात नराचं लक्ष मादी शोधण्यात असतं, कधीकधी महिना-दोन महिने उपास. मादीचं वेगळं: अंड्यांसाठी चरबी साठवताना ती भक्ष्यावर तुटून पडते, अंडी पोटात वाढू लागली की बहुधा बंद.

पण सगळं नर-मादीवर ढकलू नकोस! सोलापुरात डिसेंबरात दुपारी ऊन, पहाटे गारठा. पेटीची उबदार बाजू ३१-३२ अंशांवर टिकते का, ते आधी बघ. दर आठवड्याला वजन कर. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर सरळ सापांची माहिती असलेल्या डॉक्टरकडे. तोंडात कोंबून मात्र भरवू नकोस.