लेन्स जरूर घ्या, पण एफडी मोडून नको

प्रश्न ऐरोलीहून आलाय. हातात पगार 78,000, गृहकर्जाच्या हप्त्यासकट घरखर्च 62,000, एसआयपी 6,000. बाजूला ठेवलेलं म्हणाल तर 2,40,000 ची एकुलती एक एफडी. रविवारी ठाण्याजवळचं येऊरचं जंगल, नाहीतर खाडीकाठ, असे तुम्ही पक्ष्यांचे फोटो काढत फिरता. निकॉन डी7500 हा डीएसएलआर कॅमेरा आहे, 70-300 लेन्स आहे (हे आकडे मिलिमीटरचे, जितके मोठे तितका लांबचा पक्षी जवळ दिसतो). आता 1,80,000 ची नवी निकॉन 180-600 घ्यायची म्हणताय. एफडी मोडू की बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय करू, असं विचारलंय.

दोन्ही नको. पण पैशांआधी एक गोष्ट. ही लेन्स झेड माउंटची, म्हणजे निकॉनच्या आरसा नसलेल्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांवर अडकणारी. तुमच्या डी7500 वर ती बसणारच नाही. अडॅप्टर मिळतो तो उलट कामाचा, जुनी लेन्स नव्या बॉडीवर, म्हणजे कॅमेऱ्यावर, लावायला. म्हणजे 1,80,000 वर नव्या बॉडीचा खर्च आहेच, आणि तो तुमच्या हिशेबात कुठेच नाही.

एफडी आज जेमतेम चार महिन्यांचा घरखर्च भागवते. लेन्स घेतली की उरतात 60,000, महिनाही निघणार नाही. गृहकर्ज डोक्यावर असताना हे मला पटत नाही.

ईएमआय महिना 15,000 चा. तुमच्याकडे एसआयपीनंतर उरतात 10,000, म्हणजे एसआयपी बंद पडणार. शिवाय 'नो-कॉस्ट'मध्ये बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट देतो इतकंच. ईएमआय क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्या माथी. दर 15 टक्के धरला तर हा जीएसटीच अडीच हजारांच्या घरात जातो, प्रोसेसिंग फी वेगळी. रोखीत दुकानदार जे थोडंफार सोडतो, तेही गेलं.

फोटो विकून वसुली होईल हे मनातून काढून टाका. फ्लेमिंगोंच्या हंगामात खाडीत बोटी भरभरून कॅमेरे असतात. हौस आहे, हौस म्हणूनच खर्च करा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मी काय करेन सांगतो. डीएसएलआरवाले धडाधड मिररलेसकडे चाललेत, त्यामुळे निकॉनची जुनी 200-500 लेन्स वापरलेली बऱ्यापैकी मिळते. डी7500 च्या लहान (क्रॉप) सेन्सरवर ती 750 मिमी लेन्सइतकं जवळचं दाखवते, आणि पुढे मिररलेस घेतलात तर अडॅप्टरने तिथेही चालेल. पण वजन सव्वादोन किलोच्या वर. येऊरची चढण गळ्यात हे धूड घेऊन जमते का, ते एका शनिवार-रविवारी भाड्याने आणून बघा. ऐरोलीच्या बोटीतून फ्लेमिंगोंचे थवे टिपायला तुमची 70-300 पुष्कळ झाली. लांब लेन्स लागते ती झाडीतल्या बारक्या पक्ष्यांना, आणि तिथे सकाळी उजेडाचीही मारामार.

वजन झेपलं तर एसआयपीनंतर उरणाऱ्या त्या 10,000 पैकी 6,000 ची आरडी या लेन्ससाठी लावा, 4,000 एफडीच्या जोडीला टाका. वर्षात 72,000 आणि वर व्याज. 70-300 विकलीत तर आणखी थोडे.

घेताना मूळ बिल मागा आणि लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.