आहे का नाही, ते आधी सांग

पोरी,

सोमवारपासून तू आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन नि तपासणी केंद्रात बसणार. प्रशिक्षणातल्या रोल-प्लेमध्ये समोरचा माणूस भराभर प्रश्न विचारतो. खरा विचारत नाही. तो रामटेकहून पहाटेची एसटी धरून आलेला असतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसतो.

पॉझिटिव्ह रिपोर्ट एका वाक्यात सांग नि गप्प राहा. ती शांतता मला सोसायची नाही. मग एआरटी म्हणजे एचआयव्हीची औषधं, सीडी-४ म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची तपासणी, आहार, सगळं एका दमात ओतायची. एका भाऊंनी पंधरा मिनिटं निमूट ऐकलं आणि विचारलं, "पण मॅडम, आहे का नाही जी?" तेव्हापासून टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवते. तो प्यायला की पुढचं बोलते.

पहिल्या किटवर रिॲक्टिव्ह दिसलं म्हणून चेहरा पाडू नको. लक्षणं नसलेल्या माणसाला वेगवेगळ्या तीन किटांवर रिॲक्टिव्ह आल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत.

निगेटिव्हवाल्यालाही झटकन उठवू नको. संबंध गेल्या आठवड्यातला असेल, तर आजच्या रिपोर्टवरून त्याबद्दल काहीच कळत नाही. विंडो पीरियड, म्हणजे लागण असूनही तपासणीत न दिसण्याचा काळ, तीन महिन्यांपर्यंत धर, चिठ्ठीवर नुसती तारीख लिहून परत बोलव. ७२ तासांच्या आतलं असेल तर गप्पा नंतर, आधी डॉक्टरांकडे ने; लागण टाळायची औषधं तेवढ्यातच सुरू करावी लागतात.

गरोदर सुनेचा रिपोर्ट सासू मागेल, गोड बोलून मागेल. द्यायचा नाही. रिपोर्ट गुप्त ठेवायला २०१७ चा एचआयव्ही कायदा आहेच, पण सासूपुढे कलमं वाचू नको. "सूनबाईंशीच बोलते, आई" एवढं पुरतं.

एआरटी केंद्राची नुसती चिठ्ठी हातात देऊ नको, पहिल्या दिवशी सोबत जा. मेडिकल कॉलेजचं आवार केवढं ते तू पाहिलंच आहेस. एकटा सोडला की माणूस चहाच्या टपरीपर्यंत जातो आणि तिथूनच बसस्टँड गाठतो. मग तू फोन करत बसतेस.

त्या फोनचंच सांगायचं होतं. नवी असताना मी पलीकडचा आवाज न ओळखताच केंद्राचं नाव सांगून मोकळी झाले. फोन बायकोनं उचलला होता. तो माणूस पुन्हा आला नाही. तेव्हा नंबर लिहून घेतानाच विचार, फोन घरात कोण उचलतं, आणि मी कोण म्हणून बोलू?

तुझी,
ताई