सासूबाईंचा विसर आणि अंगणातली विहीर

प्रश्न : आम्ही गोव्यात सांगे तालुक्यात राहतो, घरामागे जुनी बंद खाण आहे. पिण्याचं पाणी विहिरीचं. सासूबाई 74 वर्षांच्या, बारा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात. वर्षभरात विसर फार वाढलाय, दोनदा गॅस चालू राहिला. शेजारी म्हणतात, पाण्यातल्या मँगनीजमुळे हे होतं. एक गृहस्थ केस तपासून अंगातले धातू काढायचं औषध आणि झिंकच्या गोळ्या देतो म्हणतात. घ्याव्यात का?
– एक सून

उत्तर : नको, दोन्ही नको. केसांवर बाहेरची धूळ, तेल, रंग बसतो. त्यावरून मेंदूत काय आहे ते कळत नाही. धातू काढणारी औषधं शिशासारखा धातू तपासणीत खरोखर जास्त सापडला तरच, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असतात. जास्त झिंक तर वेगळंच नुकसान करतं. ते आतड्यात तांब्याला अडवतं, आणि तांबं कमी पडलं की पाय बधिर होतात, तोल जातो, रक्त कमी होतं. अगदी बी12 जीवनसत्त्व कमी पडल्यावर होतं तसंच.

बी12वरूनच तुमच्या पत्रातल्या एका शब्दावर येते. मेटफॉर्मिन. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी12 नीट शोषलं जात नाही, रोज मासे खाणाऱ्या माणसातही. माझ्या आईचं हेच झालं होतं. ती नावं विसरायला लागली, तेव्हा तिला तपासणारे डॉक्टर ‘वय झालं’ म्हणाले. मी स्वतः केप्याला दवाखाना चालवत होते, तरी दोन वर्षं मीही तेच म्हणत राहिले. रक्त तपासलं तेव्हा बी12 फार कमी निघालं. इंजेक्शनांनी ती बरीच सुधारली, पण पायांचा बधिरपणा राहिला. ती दोन वर्षं मला अजून छळतात. म्हणून या आठवड्यातच सासूबाईंचं बी12, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. कान तपासा, मन उदास असतं का तेही विचारा. मेटफॉर्मिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

आता विहीर. शेजाऱ्यांची शंका अगदीच वाऱ्यावरची नाही. आमच्या सांगे-केपे भागात मँगनीजचं खनिज सापडतं, आणि ते पाण्यात उतरू शकतं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात त्याची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 0.3. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये आपली मर्यादा 0.08 वर आणली. कळशीच्या आत काळपट थर धरतो का पाहा. तांबूस डाग बहुधा लोहाचे. पाणी उकळून धातू जात नाहीत, उलट पाणी आटतं तसे ते दाट होतात. पाणी प्रयोगशाळेत देताना ‘मँगनीज, लोह, शिसं, आर्सेनिक’ असं लिहून मागा, नाहीतर नेहमीच्या तपासणीत मँगनीज राहून जातं. बाटली त्यांच्याकडूनच घ्या.

मँगनीजचा त्रास बहुतेकदा चालण्यातही दिसतो. पावलं जड होतात, हात आखडतात, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. अन्नपाण्यातून आलेलं जास्तीचं मँगनीज यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. श्वासातली धूळ मात्र त्या वाटेने जात नाही, म्हणून धोका जास्त तो खनिज फोडणाऱ्या-भरणाऱ्या माणसाला. सासूबाई स्वतः किंवा तुमचे सासरे खाणीवर कामाला होते का, ते मला लिहा.

शिशाचं वेगळं. ते हाडांत दशकानुदशकं साठून राहतं, आणि पाळी गेल्यावर हाडं झिजू लागली की पुन्हा रक्तात येतं. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं, पण सासूबाईंच्या आयुष्याचा मोठा भाग त्याआधी गेला. रक्तातलं शिसं एकदा तपासायला हरकत नाही. पितळेच्या टोपात आंबट हुमण (माशाची आमटी) करत असाल तर कल्हई पाहा; ती शुद्ध कथलाचीच हवी, शिसं मिसळलेली नको.

मासे बंद करू नका. बांगडे, तारले खुशाल द्या. मोरी (शार्क) आणि मोठा इसवण (सुरमई) क्वचित, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत न्या. गॅसला आपोआप बंद होणारी शेगडी मिळते, ती तेवढी आधी बसवा.