रेबेका बेलमोर यांच्यावर वीस मिनिटांचा सेमिनार : सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फाइन आर्टच्या शेवटच्या वर्षाला वीस मिनिटांचा सेमिनार आहे, विषय कॅनडातल्या अनिशिनाबे (तिथल्या एका मूलनिवासी समाजातल्या) कलाकार रेबेका बेलमोर. नेटवर त्यांच्या व्हिडिओंचे तुकडे पाहिले, पण धागा सापडत नाही. लाकूड, माती, व्हिडिओ, संगमरवर हे सगळं एकाच कलाकाराने का वापरावं?

धागा आहे. प्रत्येक कामासमोर दोनच प्रश्न ठेवा. हे काम कुणाशी बोलतंय? आणि कुठे उभं राहून? त्याची उत्तरं मिळाली की माध्यम तेच का निवडलं ते बहुतेक वेळा आपोआप कळतं. ‘मल्टिमीडिया’ हा शब्द ऐकून तंत्रज्ञानाच्या मागे लागलात तर हमखास चुकाल.

चरित्राला एक मिनिट पुरे. जन्म १९६०, ओंटारिओ प्रांतातलं अप्साला. लॅक स्यूल फर्स्ट नेशन या मूलनिवासी समुदायाच्या सदस्य. शिक्षण टोरांटोच्या ओंटारिओ कॉलेज ऑफ आर्टमध्ये. विद्यार्थी इथेच सात-आठ मिनिटं घालवतात आणि कामांपर्यंत पोचेपर्यंत घंटा होते.

पहिलं काम १९९१ चा लाकडी कर्णा घ्या. त्याच्या अनिशिनाबे नावाचा अर्थ ‘आपल्या आईशी बोलताना’ असा होतो. आदल्या वर्षी क्यूबेकमधल्या ओका गावात गोल्फचं मैदान वाढवण्यासाठी मोहॉक या मूलनिवासी लोकांची जमीन घ्यायचं ठरलं, आणि त्यावरून ७८ दिवस संघर्ष चालला. लष्कर आलं. बेलमोर यांनी त्यानंतर जवळपास दोन मीटर रुंद तोंडाचा कर्णा बांधला आणि तो बॅन्फजवळच्या डोंगराळ कुरणात नेला. लोक एकेक करून पुढे येत आणि त्यातून बोलत. सरकारशी नव्हे, थेट जमिनीशी. पुढे हा कर्णा देशभर फिरला. सेमिनारमध्ये नुसत्या कर्ण्याचा फोटो दाखवू नका, तो सुंदर शिल्पासारखा दिसतो आणि तिथेच गडबड होते. माणूस बोलतोय आणि समोर मोकळा डोंगर आहे असा फोटो शोधा. समोरची जागा चौकटीत आली नाही, तर कर्णा कुणाकडे तोंड करून आहे हेच कळत नाही.

दुसरं काम ‘व्हिजिल’, हा परफॉर्मन्स आहे, म्हणजे कलाकाराने लोकांसमोर स्वतः केलेली कृती हेच काम. इथे घाई करू नका, सहा मिनिटं द्या. २३ जून २००२, व्हँकुव्हरच्या डाउनटाउन ईस्टसाइडमधला रस्त्याचा कोपरा. या वस्तीतून अनेक स्त्रिया बेपत्ता झाल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी मूलनिवासी. बेलमोर आधी गुडघ्यांवर बसून फरसबंदी घासून धुतात. मेणबत्त्या लावतात. त्या स्त्रियांची नावं त्यांच्या हातांवर मार्करने लिहिलेली आहेत. एक नाव वाचायचं, ते रस्त्यावर जोरात ओरडायचं, मग एक गुलाब दातांत धरून ओढायचा, की पानं, पाकळ्या, काटे सगळं तोंडातच सोलून निघतं. पुन्हा पुढचं नाव. नंतर अंगातला लांब लाल पोशाख त्या रस्त्याकडेच्या लाकडी खांबाला खिळ्यांनी ठोकतात आणि झटके देऊन स्वतःला सोडवतात; कापडाच्या चिंध्या खांबावर राहतात. हे सारं पुन्हा पुन्हा, पोशाख संपेपर्यंत.

प्रत्यक्ष पाहणारे होते मोजके. मग बाकीच्यांसाठी काय उरतं? परफॉर्मन्सच्या क्षेत्रातली ही कायमची अडचण आहे: घटना संपते, आणि चित्रीकरण तिची जागा घेऊ पाहतं. बेलमोर यांनी त्याच चित्रीकरणातून ‘द नेम्ड अँड द अननेम्ड’ हे वेगळं इन्स्टॉलेशन, म्हणजे दालनातली मांडणी, केलं. व्हिडिओ ज्या पृष्ठभागावर पडतो त्यातच विजेचे बल्ब बसवले आहेत. चित्र चालू असताना बल्बही जळत असतात, त्यामुळे ते सलग, गुळगुळीत दिसूच शकत नाही. ‘व्हिजिल’ आणि हे इन्स्टॉलेशन ही दोन कामं आहेत. विद्यार्थी ती एकच समजतात. तुम्ही दोन वेगळ्या स्लाइड करा.

तिसरं ‘फाउंटन’, २००५. व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात कॅनडाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या त्या पहिल्या मूलनिवासी स्त्री. चित्रीकरण व्हँकुव्हरच्या विमानतळाजवळच्या आयोना बीचवर. जवळच सांडपाण्याचं केंद्र, किनाऱ्याला वाहून आलेले ओंडके. बेलमोर पाण्यात बादलीशी झगडतात, बाहेर येतात आणि बादली थेट कॅमेऱ्यावर रिकामी करतात. पाणी लाल झालेलं असतं. साधारण अडीच मिनिटांचा व्हिडिओ, सतत फिरत राहणारा.

तुम्हाला तुकडे पाहून काही कळलं नाही त्याचं कारण इथे आहे. तुम्ही फक्त फाइल पाहिलीत. दालनात हा व्हिडिओ कोसळणाऱ्या पाण्याच्या पडद्यावर पडतो. स्वच्छ, अखंड पाण्यावर प्रोजेक्टरचं चित्र टिकत नाही, प्रकाश आरपार निघून जातो. पाणी थेंबांत फुटलं की प्रकाश विखुरतो आणि चित्र उमटतं. थेंब विरळ झाले तर चेहरा तुटतो, खोलीत उजेड जास्त झाला तर सगळंच फिकं पडतं. शिवाय पाण्याचा आवाज व्हिडिओच्या आवाजात मिसळतो. म्हणून सेमिनारमध्ये आधी दालनाचा रुंद फोटो दाखवा, मगच क्लिप लावा.

उरलेल्या वेळात दोन जुनी कामं पटकन घ्या. १९८७ ला ब्रिटिश राजघराण्यातलं जोडपं थंडर बेला आलं, तेव्हाचा व्हिक्टोरियन थाटाचा पोशाख, ज्याच्या मागच्या फुगाऱ्यात बीव्हर या प्राण्याच्या घरासारख्या काटक्या आणि राजघराण्याची स्मरणचिन्हं खोचलेली. आणि १९८८ चं ‘आर्टिफॅक्ट ६७१बी’: कॅल्गरी ऑलिंपिकनिमित्त भरलेल्या, तेल कंपनीने पुरस्कृत केलेल्या मूलनिवासी वस्तूंच्या प्रदर्शनाविरुद्ध त्या जानेवारीच्या थंडीत थंडर बेच्या गॅलरीबाहेर संग्रहालयातल्या वस्तूसारख्या बसल्या.

परीक्षक ‘पण यात आदिवासी कला कुठे?’ असं विचारतील. आपल्याकडे आदिवासी म्हटलं की डोळ्यांपुढे वारलीचे पांढरे त्रिकोण येतात, त्यामुळे हा प्रश्न येणारच. उत्तरासाठी ‘ट्रेस’ हाताशी ठेवा. विनिपेगच्या मानवी हक्क संग्रहालयातलं २०१४ चं हे काम म्हणजे मातीच्या १४,००० हून अधिक मण्यांची प्रचंड गोधडी. माती तिथल्याच जमिनीतली, आणि मणी शहरातल्या लोकांनी मुठीत दाबून केलेले. म्हणून एकही मणी दुसऱ्यासारखा नाही. प्रत्येकावर कुणाच्या तरी मुठीचा ठसा भाजून पक्का झालेला आहे. मणीकाम ही त्या भागातली जुनी कला. इथे फक्त तिचा आकार आणि करणारे हात बदलले.

कारकिर्दीच्या व्यवहाराबद्दलही एक वाक्य बोला. एका व्यावसायिक गॅलरीशी झालेल्या दीर्घ कायदेशीर वादाच्या काळात, २०१० मध्ये, त्यांनी व्हँकुव्हर आर्ट गॅलरीबाहेर परफॉर्मन्स केला आणि आपल्या लोकांसाठी आपली किंमत दहा लाख डॉलरपेक्षा जास्त आहे, असं जाहीर म्हटलं. तीनच वर्षांनी कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला.

शेवटची स्लाइड २०१७ ची: डॉक्युमेंटा या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनासाठी अथेन्सच्या फिलोपापू टेकडीवर ठेवलेला, हाताने कोरलेला संगमरवरी तंबू. निर्वासितांच्या तंबूसारखाच, कापडाच्या सुरकुत्यांसकट. आत बसता येतं. फोटो तंबूच्या आतून घेतलेला निवडा, त्यात समोर अ‍ॅक्रोपोलिस दिसते.