अयुग्मितांचं युग्मन? जुंपणी म्हणा की सरळ

सांगलीत एमेस्सी करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की प्रोजेक्टमधे 'हाय-स्पिन स्टेट्समधलं स्पिन-ऑर्बिट कपलिंग' याला 'उच्च फिरकी अवस्थांमधील फिरकी-कक्षा युग्मन' लिहिलं तर चालेल का. (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जन्मजात कोनीय संवेग, फिरत्या वस्तूत असते तशी राशी; तो आणि इलेक्ट्रॉनची केंद्रकाभोवतीची हालचाल एकमेकांवर परिणाम करतात, ते स्पिन-ऑर्बिट कपलिंग.)

आधी ते 'उच्च फिरकी'. हे वाचून निम्मे लोक समजतात की इलेक्ट्रॉन जोरात फिरतोय, आणि क्लासमधेसुद्धा तसंच सांगतात, डोकं फिरतं माझं. एका इलेक्ट्रॉनचा स्पिन कायम अर्धाच, तो वाढत नाही नि घटत नाही. हाय-स्पिन म्हणजे बिनजोडीचे इलेक्ट्रॉन जास्त आणि सगळे एका दिशेला, बास. हिमोग्लोबिनमधलं लोह घ्या, ऑक्सिजन चिकटलेला नसताना सहा डी-इलेक्ट्रॉनपैकी चार सुटे, एकूण स्पिन २, त्याचे पाच घटक, म्हणून क्विंटेट (स्पिन १ चे तीन घटक तो ट्रिपलेट, स्पिन ० चा एकच तो सिंगलेट).

पण खरी गंमत 'युग्मन'मधे आहे. युग्म म्हणजे जोडी. केमिस्ट्रीत जोडीने बसलेल्या इलेक्ट्रॉनला आपण युग्मित म्हणतो आणि सुट्याला अयुग्मित, म्हणजे ताईंच्या वाक्याचा अर्थ झाला अयुग्मितांचं युग्मन! कोशवाल्यांनी पेअरिंग आणि कपलिंग दोन्हीला एकच धातू चिकटवला आणि मोकळे झाले. पेअरिंगला जोडी ठेवा, कपलिंगला माझा शब्द आहे जुंपणी.

का, ते ऐका. बैलाच्या मानेवरचं जू आलं संस्कृत 'युग'वरून, युग आलं युज् धातूवरून, त्याच मुळाचं लॅटिनमधे युगुम आणि इंग्रजीत योक. म्हणजे वाळव्याच्या शिवारातलं जू आणि रोमन शेतकऱ्याचं जू एकाच घरातलं. आणि आपल्या शाळेच्या पुस्तकातलं कंपाउंडसाठीचं 'संयुग' आणि व्हॅलन्सीसाठीचं 'संयुजा', तेही युज्-च! अख्खी केमिस्ट्री जुवाखाली चालते आणि आमच्या विद्वानांना जुंपणी गावंढळ वाटते. (जुंपणे हे क्रियापदही जुवाच्याच कुळातलं, असं माझं मत, ज्यांना पटत नाही त्यांनी दुसरं मूळ दाखवावं.)

अर्थानेही चपखल बसतं. एका जुवाला जुंपलेले दोन बैल आपापल्या मनाने वळू शकत नाहीत, तसं अणूत स्पिन आणि कक्षेचा कोनीय संवेग वेगवेगळे टिकत नाहीत, दोघांची बेरीज, म्हणजे एकूण कोनीय संवेग 'जे', तेवढी टिकते. शिवाय 'दोघांची जुंपली' म्हणजे भांडण, तेही इथे खोटं नाही.

जुंपणीला नियमही आहेत. एका जुंपणीत एकूण स्पिन फार तर १ ने बदलतो, म्हणून लोहाच्या क्विंटेटची सिंगलेटशी थेट जुंपणी शून्य, मधे ट्रिपलेट लागतो. आणि पोरं फसतात ती इथे: दोन ट्रिपलेटमधलं कपलिंग काढताना दोघांचे एम-एस (म्हणजे स्पिनचा ठरवलेल्या एका दिशेतला भाग) शून्यवाले घटक घेतात, उत्तर शून्य येतं, आणि लिहून मोकळे की कपलिंग नाही. अरे, तिथे क्लेब्श-गॉर्डन गुणांकच (कोनीय संवेगांची बेरीज करताना लागणारा ठरीव आकडा) शून्य असतो, कपलिंग असो वा नसो! एम-एस सगळ्यात मोठा असलेला घटक घ्या (कॉम्प्युटरवर हे हिशेब करणारे त्यालाही हाय-स्पिनच म्हणतात, म्हणजे एका शब्दाचे दोन अर्थ, त्यात अजून गोंधळ), त्या एका हिशेबातून कक्षेच्या तीन दिशांचे तीन आकडे काढा आणि विग्नर-एकार्ट प्रमेयाने (एका घटकावरून बाकीचे मिळवून देणारा नियम) उरलेले काढा. दोन ट्रिपलेटचे तीन त्रिक नऊच्या नऊ, दोन क्विंटेटचे पाच पाचे पंचवीस, सगळे त्या तीन आकड्यांतून निघतात.

हां, फिरकीचं राहिलंच. परिवलन लिहू नका, ते पृथ्वीला लागू, आणि फिरकी लिहिलीत तर परीक्षक म्हणणार पोरगी फिरकी घेतेय. स्पिन ला स्पिनच राहू द्या, ऑर्बिटला कक्षा चालेल. 'हाय-स्पिन अवस्थांमधली स्पिन-कक्षा जुंपणी' लिहा, आणि गाईडने लाल शाईने खोडलं तर त्यांनाच विचारा, संयुजा कुठून आली.