नाशिकजवळच्या एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र बंद करून राज्याची वीज सौरऊर्जेवर नेता येईल का?

येईल, पण आधी बंद आणि मग पर्याय असा उलटा क्रम नको. एकलहऱ्याचे २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळातले आहेत. कोळसा तिथे शेकडो किलोमीटरवरून रेल्वेने येतो, त्यामुळे आज ना उद्या ते थांबणारच.

खरी अडचण संध्याकाळची. सूर्य मावळला की घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही एकदम सुरू होतात आणि सौर पॅनल गप्प. म्हणून साठवणूक आधी हवी: बॅटरी, नाहीतर दिवसा पाणी वर चढवून रात्री खाली सोडणारे प्रकल्प. घाटघरचा २५० मेगावॅटचा असा प्रकल्प आपल्या शेजारीच चालू आहे.

दुसरीकडे मागणीच दिवसा सरकवता येते. शेतीचे फीडर (शेतांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या) सौरऊर्जेवर आणणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला यातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांना पाणी द्यायला रात्री बिबट्याच्या भीतीत कोण खुशीने जातं?

एकलहऱ्याची जागा, उपकेंद्र, पारेषण वाहिन्या मोडीत काढू नका. बॅटरी तिथेच बसवता येतील. कंत्राटी कामगारांचं काय, हे मात्र तारीख ठरवण्याआधी लिहून घ्या.