वाचकांचे प्रश्न : एकामागून एक नुकसान

प्रश्न : जूनमध्ये माडावरचा नारळ पडून पुढची काच फुटली, महिन्याभराने स्कूटरने बंपर मोडला, आता पुराच्या पाण्यात गाडी उभी आहे. क्लेम एकच करू का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : आधी एक विनंती, गाडी चालू करू नका! सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे स्टार्टर मारताच पिस्टनला जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. साधी पॉलिसी या नुकसानाची भरपाई सहसा देत नाही; त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कव्हर लागतं. पाण्याच्या पातळीचे फोटो काढा, पाणी ओसरल्यावर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, कंपनीला लगेच कळवा आणि गाडी टो करूनच न्या.

तीन घटना म्हणजे तीन क्लेम. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक वेळी निदान १००० रुपये कापले जातात. काचेवर घसारा (भाग जुना झाल्याबद्दलची कपात) नाही, प्लास्टिकच्या बंपरवर मात्र ५० टक्के. घसारा न कापणारं ‘झिरो डेप’ हे जादा कव्हर असेल तर तोही वाचतो. पुराचा क्लेम केल्यावर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्यास हप्त्यात मिळणारी सूट) तसाही शून्य होणार, म्हणून बंपर-काचेचंही विचारा. फक्त उशिरा कळवल्याचं कारण लेखी द्या. नुसती थर्ड पार्टी (फक्त इतरांचं नुकसान भरून देणारी) पॉलिसी असेल, तर यातलं काहीच मिळणार नाही.